चढायचा दोर वेगळा, फांदी उतरवायचा वेगळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीचं काही समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. तुमची शिरोली भागात तिघांची टोळी आहे. आजवर कोयता, कुऱ्हाड, एक छोटा चेनसॉ आणि बाजारातला साधा दोर यांवर छाटणीची कामं केलीत. आता कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका सोसायटीतले दोन मोठे पर्जन्यवृक्ष हलके करायचं काम आलंय. झाडांच्या एका अंगाला पार्किंगचं पत्र्याचं छत आहे, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. कुणीतरी सुचवलंय की १६ मिमीचा १०० मीटर दोर एकदम घ्या, मधोमध कापा, अर्धा चढायला वापरा, अर्धा फांद्या उतरवायला. तुम्ही विचारताय, १६ मिमी पुरेल ना?

जाडीचं उत्तर देतोच, पण त्याआधी तो मधोमध कापायचा बेत सोडून द्या. माणूस धरणारा दोर आणि लाकूड धरणारा दोर यांची कामं इतकी निराळी आहेत की एकाच जातीच्या दोरात दोन्ही नीट बसत नाहीत. माणसाच्या दोरावर वजन फार नसतं, अवजारांसकट शंभरेक किलो. पण तो दिवसभर हातातून फिरतो, त्यावर गाठ सरकते, आणि त्याला झटका बसू द्यायचाच नसतो. लाकडाच्या दोराचं आयुष्यच झटक्यात जातं. तो सालीवर घासतो, मातीत लोळतो, त्यावरून ओंडके ओढले जातात. ज्या दोरानं एकदा जड ओंडक्याचा झटका खाल्लाय, त्याच्या गाभ्यात काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. तो दोर पुन्हा माणसाखाली यायला नको. म्हणून दोन्ही दोर ठळक वेगळ्या रंगाचे घ्या आणि वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. घाईत, धुळीत, संध्याकाळच्या उजेडात हात चुकीच्या पिशवीकडं जाणार नाही, एवढा फरक डोळ्यांना दिसला पाहिजे.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात. झाड किती उंच, लाकूड कुठल्या जातीचं, खाली मोकळी जमीन आहे की पत्रा, एका वेळी केवढा तुकडा काढणार, आणि खाली दोर धरणारा माणूस किती तयार आहे. मी पुढं जे सांगतोय ते साधारण १५ ते २० मीटर उंचीच्या झाडासाठी आणि छाटणीसाठी आहे. पूर्ण झाड वरून तुकड्यातुकड्यानं उतरवायचं असेल तर हिशेब बदलतो. आणि शहर हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी लागते. परवानगीचा कागद स्वतः बघितल्याशिवाय काम सुरू करू नका, सोसायटीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता तुमच्याकडचा सध्याचा दोर. हार्डवेअरच्या दुकानात 'नायलॉन' म्हणून जो चकचकीत दोर मिळतो, तो बऱ्याचदा पॉलिप्रोपिलीनचा असतो. एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाका. तरंगला तर तो नायलॉन नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात. पॉलिप्रोपिलीन साधारण १६५ अंशांला वितळतं आणि उन्हानं लवकर कुजतं. दोरावर दोर घासला की तेवढी उष्णता सहज तयार होते, आणि चढण्याच्या पद्धतीत तर गाठ दोरावरूनच सरकते. म्हणून हा दोर फांद्यांचे भारे बांधायला किंवा फांदीला दिशा द्यायला खालून ओढण्यापुरता ठेवा. त्यावर माणूस नको.

चढायचा दोर ११.५ ते १३ मिमीचा, कमी ताणाचा, गाभा आणि आवरण असलेला, पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-नायलॉनचा घ्या. त्यावर ईएन १८९१, टाइप ए अशी युरोपीय मानकाची नोंद हवी. या मानकात दोराची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं २,२०० किलो लागते, आणि कामाच्या वजनाखाली दोराची लांबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये. खरा माल ओळखायची एक खूण सांगतो. या दोराच्या गाभ्यात लांबीभर एक बारीक पट्टी असते, तिच्यावर उत्पादक, मानक आणि वर्ष छापलेलं असतं. दुकानदाराला टोक उघडून दाखवायला सांगा. पट्टी नाही, कागद नाही, तर दोर कितीही देखणा असला तरी परत ठेवा. १६ मिमी चढायला नको याचं कारण ताकद नव्हे. तो हातात मावत नाही, जड होतो, आणि त्यावर घर्षणगाठ, म्हणजे मोकळी असताना सरकणारी आणि वजन आलं की दोराला आवळून धरणारी गाठ, नीट बसत नाही. थकलेल्या हातानं काम करणारा माणूस वर असताना ही गोष्ट फार मोठी असते.

आपल्या भागात गडकिल्ले आणि कडे चढणारी पोरं पुष्कळ आहेत, त्यामुळं 'मित्राकडं क्लायम्बिंगचा दोर आहे, चालेल का' हा प्रश्न मला नेहमी येतो. नाही चालत. कड्यावर वापरतात तो डायनॅमिक दोर पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी ताणला जावा असाच बनवलेला असतो. नुसतं ८० किलो लटकवलं तरी तो १० टक्क्यांपर्यंत ताणू शकतो आणि पडण्याच्या झटक्यात ४० टक्क्यांपर्यंत. झाडावर तुम्ही तासन् तास त्याच दोरावर बसून करवत चालवणार. प्रत्येक हालचालीला खालीवर होणाऱ्या दोरावर करवत स्थिर राहत नाही.

लांबी किती? दोर वरच्या बेचक्यावरून टाकून दोन पदरांवर चढणार असाल, तर उंचीच्या दुप्पट आणि वर थोडा. २० मीटरला ४५ मीटर. एका पदरावर चढून दोर खाली बुंध्याला बांधायची पद्धतही आहे, पण सुरुवातीला मी ती सुचवत नाही. एकतर त्यात वरच्या बेचक्यावर माणसाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो. दुसरं म्हणजे माणसाचा जीव असलेला दोर खाली जमिनीलगत बांधलेला असतो, तिथंच खालची माणसं कोयते आणि चेनसॉ चालवत असतात.

बेचका निवडताना जिवंत, निरोगी लाकूड बघा, खोडाच्या जवळचं. जाडी किमान १० सेंमी. गुलमोहर, पांगारा, शेवगा अशा ठिसूळ झाडांत त्याहून बरीच जास्त. चढण्याआधी दोघांनी मिळून दोरावर लटकून खालूनच जोर लावा आणि कान देऊन ऐका. दोर थेट सालीवर टाकू नका. दोन कड्यांचा पट्टा मिळतो, तो बेचक्यात बसवून दोर त्यातून न्या. त्यानं साल सोलली जात नाही आणि दोराचं आवरणही टिकतं.

घर्षणगाठीसाठी वेगळी दोरी लागते, ८ ते १० मिमीची, उष्णता सोसणाऱ्या अरामिड धाग्याचं आवरण असलेली. इथं डायनीमाची, म्हणजे एका खास मजबूत पॉलिथिलीन धाग्याची, दोरी वापरायचा मोह होतो, कारण ती बारीक असून भलतीच ताकदवान असते. पण ती निसरडी असते आणि दीडशे अंशांच्या आसपासच वितळते. पट्ट्यांना उत्तम, घर्षणगाठीला अजिबात नाही.

हार्नेसबाबत आपल्याकडं मोठा गोंधळ आहे. बांधकामावर दिसतो तो पाठीला कडी असलेला हार्नेस पडणारा माणूस अडकवून धरण्यासाठी आहे. त्यात बसून काम करता येत नाही. कडी पाठीमागं, माणूस पुढं झुकलेला, हात पोचत नाहीत. झाडाला मांड्यांना रुंद पट्टे, पुढं मध्यभागी कडी आणि कमरेला दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस लागतो. ईएन ८१३ आणि ईएन ३५८ या दोन्ही नोंदी त्यावर बघा. घेण्याआधी अंगावर घालून पंधरा मिनिटं लटकून बघा. मांडीला मुंग्या येत असतील तर तो तुमचा नाही.

त्याच्या जोडीला कमरेचा आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड. वर करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे: एक मुख्य दोर, दुसरा लॅनयार्ड. करवत निसटून एक कापला गेला तर दुसरा राहतो. चेनसॉसाठी पोलादी तारेच्या गाभ्याचा लॅनयार्ड मिळतो. चालत्या साखळीपुढं तोही कायमचा टिकत नाही, पण सावरायला वेळ देतो. मात्र झाडाजवळून विजेची तार जात असेल तर तारेच्या गाभ्याचं काहीही वर नेऊ नका. माझा नियम असा की महावितरणचा पुरवठा बंद झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय तारेच्या तीन मीटरच्या आत माणूस जात नाही, फांदी जात नाही, ओला दोरही जात नाही.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी, माणसासाठी असेल तर आपोआप बंद होणारा, तीन हालचालींशिवाय न उघडणारा घ्या, ईएन ३६२ नोंदीचा. लांबीच्या दिशेनं २२-२५ किलोन्यूटन झेलणारा कॅराबिनर आडवा फिरला तर ७ किलोन्यूटनवर येतो. हे दोन्ही आकडे त्याच्या अंगावरच कोरलेले असतात, म्हणून वर प्रत्येक वेळी भार घेण्याआधी तो सरळ बसलाय का ते हातानं चाचपायची सवय लावून घ्या.

इथं उद्यमनगरचा विषय काढतोच, कारण तुमच्या मनात तो आला असणार. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि लेथवाले यांचा मला मनापासून अभिमान आहे. नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत वस्तू हातात. पण कॅराबिनर, कप्पी, शॅकल या वस्तू दिसायला हुबेहूब झाल्या म्हणून भागत नाही. अस्सल वस्तूच्या मागं धातूची जात, उष्णता-प्रक्रिया आणि तोडून घेतलेली चाचणी असते, आणि त्या चाचणीचा आकडा वस्तूवर असतो. बिडाची कप्पी झटक्याला न वाकता एकदम फुटते. उद्यमनगरातून काठीवरच्या करवतीचं टोक, टेम्पोतले दोर टांगायचे खुंट, बेचक्यावरून दोर नेण्यासाठी आधी वर फेकायच्या बारीक दोरीच्या पिशवीतलं वजन खुशाल बनवून घ्या. माणूस किंवा ओंडका ज्यावर लटकणार ती वस्तू आकडा छापलेलीच घ्या.

आता लाकूड उतरवायचा भाग. माझ्या मते तुमच्या कामातला खरा धोका इथं आहे, आणि दोराच्या जाडीशी त्याचा संबंध लोकांना वाटतो त्याहून कमी आहे.

पहिल्यांदा तुकड्याचं वजन काढायला शिका. ओलं लाकूड घनमीटरला १ टन धरा, म्हणजे चूक झाली तरी बहुतेक वेळा सुरक्षित बाजूला होते. टेपनं घेर मोजा, मीटरमध्ये. घेराचा घेराशी गुणाकार करा, १२.५ नं भागा, मीटरमधल्या लांबीनं गुणा; उत्तर टनांत येतं. सव्वा मीटर घेराचा एक मीटर तुकडा सव्वाशे किलोचा भरतो. घेर निम्मा असेल तर वजन निम्मं होत नाही, पावपट होतं, तीसेक किलो. डोळ्यांना हा फरक कधीच इतका मोठा वाटत नाही, त्यामुळं अंदाजानं काम करणारे जाड फांदीत फसतात. पाना-डहाळ्यांचं वजन वेगळं, आणि पर्जन्यवृक्षाच्या आडव्या पसरलेल्या फांदीत ते भरपूर असतं.

दुसरी गोष्ट वरच्या कप्पीची. १०० किलोचा तुकडा कप्पीवरून लटकतोय आणि खालचा माणूस दुसरं टोक धरून आहे. दोराच्या एका पदरात १०० किलो, दुसऱ्यात जवळपास तितकेच. कप्पीवर आणि ती ज्या फांदीला बांधलीय तिच्यावर २०० किलो. म्हणून कप्पी आणि तिचा पट्टा दोराच्या दुप्पट ताकदीचा असावा लागतो. दोर तुटला तर लाकूड पडतं. कप्पी सुटली तर लोखंड गोळीसारखं उडतं, तेही चढणाऱ्याच्या डोक्याजवळून.

तिसरी गोष्ट झटका, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. तोच १०० किलोचा तुकडा २ मीटर मोकळा पडला आणि मग दोर ताणून अर्ध्या मीटरात थांबला, तर थांबताना दोरावर सरासरी ५०० किलोचा भार येतो. कप्पीवर हजाराच्या आसपास. त्याच तुकड्याला खालच्या माणसानं दोर हळूहळू सोडत २ मीटरात थांबवलं, तर दोरावर २०० किलो. दोर तोच, कप्पी तीच, झाड तेच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. म्हणून खाली दोर धरणारा माणूस टोळीतला सगळ्यात नवा पोरगा नसावा. माझ्याकडं तिथं सगळ्यात अनुभवी हात असतो, आणि चढणाऱ्याचं त्याच्याशी आधी बोलणं झालेलं असतं: कुठला तुकडा, कुठं जाणार, किती सोडायचा, कधी धरायचा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळून कुणीही धरत नाही. बुंध्याला दोन-तीन वेढे दिले की घर्षणच बहुतेक भार घेतं. त्याहून चांगलं म्हणजे बुंध्याला बांधायचं पोलादी नळीचं उतरवणी-साधन, पोर्टारॅप. वेढे कमीजास्त करून त्यावर दोर नेमका सोडता येतो.

कप्पी तुकड्याच्या वर बांधता आली तर तो आधीच दोरावर असतो, फारसा पडत नाही. उभं खोड वरून कापत आलात की कप्पी खाली आणि तुकडा वर अशी वेळ येते. तेव्हा तुकडा पडतोच, आणि पडण्याचं अंतर कमी ठेवायला तुकडा आखूड करणं एवढंच तुमच्या हातात असतं. हे काम अनुभवी माणसाबरोबर केल्याशिवाय एकट्यानं अंगावर घेऊ नका.

मग जाडी? तुमच्या कामाला १२ ते १४ मिमीचा, आत एक आणि बाहेर एक अशा दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर. १२ मिमीच्या चांगल्या दोराची तुटण्याची ताकद साधारण ३.५ ते ४.५ टन असते. गाठ मारली की तिसरा हिस्सा, कधी निम्मी ताकद जाते. झटके, झीज आणि अंदाजातली चूक यांसाठी जागा सोडून मी दहावा हिस्साच कामाचा भार धरतो, म्हणजे ३५०-४५० किलो. वरच्या हिशेबात हा आकडा टाकला की दिसेल: नीट सोडत उतरवला तर १०० किलोचा तुकडा आरामात बसतो, झटक्यानं थांबवला तर तोच बसत नाही. १६ मिमीचा दोर घेऊन ही मर्यादा वाढते खरी, पण मग कप्पी मोठी लागते. तिच्या चाकाचा व्यास दोराच्या किमान चौपट हवा, नाहीतर दोर वळणावरच मरतो. शिवाय जाड दोर बघून माणूस मोठे तुकडे काढू लागतो, आणि ज्या फांदीला कप्पी बांधलीय ती काही जाड झालेली नसते.

निगेचं थोडक्यात. वड, उंबर, फणस यांचा चीक दोराला लागला की गाठ अडकते. रॉकेल-पेट्रोलनं पुसायची पद्धत सोडा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं. टेम्पोत बॅटरीशेजारी दोर ठेवू नका. बॅटरीचं ॲसिड नायलॉन खाऊन टाकतं आणि वर डागही दिसेलच असं नाही. भिजलेल्या नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते, पॉलिएस्टरची फारशी नाही, म्हणून जून ते सप्टेंबर काम करणाऱ्यानं पॉलिएस्टरकडं झुकावं. रोज सकाळी सगळा दोर हातातून सरकवून बघा: कुठं मऊ पडलाय, गाठाळलाय, चकाकी येऊन कडक झालाय का. ब्रिटनमध्ये माणूस उचलणाऱ्या साहित्याची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून नोंद ठेवणं १९९८च्या नियमांनी बंधनकारक आहे. आपण एक साधी वही तरी ठेवू शकतो. आणि बाद केलेला दोर हातभर तुकडे करूनच टाका. अख्खा ठेवला तर तो गोठ्यात जातो, ट्रॅक्टरला जातो आणि एखाद्या गडबडीच्या दिवशी परत झाडावर येतो.

पैशांचा क्रम असा लावा. आधी एका माणसाचा पूर्ण चढण्याचा संच. मग दुसऱ्या माणसाचा तसाच संच, कारण वरचा माणूस जखमी झाला किंवा भोवळ येऊन हार्नेसमध्ये लटकला तर त्याला काही मिनिटांत खाली आणणारा दुसरा चढणारा जागेवर हवा. बंगल्यांच्या मधल्या बोळात अग्निशमनची शिडी पोचेलच असं धरून चालू नका. खाली आणण्याचा सराव दोघांनी आधी दोन-तीन मीटर उंचीवर करा. त्यानंतर लाकडाचा दोर, कप्पी, पट्टे आणि पोर्टारॅप.

सोसायटीच्या कामाचं म्हणाल, तर भिंतीकडच्या पातळ फांद्या तुम्ही चढण्याचा संच घेऊन, सराव करून, लहान तुकड्यांत काढू शकाल. पार्किंगवरच्या जाड आडव्या फांद्यांसाठी या वेळी उतरवणीचा अनुभव असलेली टोळी किंवा क्रेन सोबत घ्या आणि तसा दर सोसायटीला आधीच सांगा. गाड्या त्या दिवशी बाहेर, शक्य असेल तिथले पत्रे सोडवलेले. वळिवाचे वारे सुरू व्हायच्या आत काम संपवायचं असेल तर ही बोलणी आत्ताच करा. पत्र्यावरच्या प्रत्येक फांदीचा खोडाजवळचा घेर, लांबी आणि तिच्या वर कप्पी बांधण्याजोगा बेचका आहे का, एवढं मोजून कळवलंत तर कुठली फांदी किती तुकड्यांत काढावी ते मी सांगू शकेन.